यादीत नाव नसताना

ताई,

आज नाताळ. सकाळची उपासना झाली, मायानं केलेल्या करंज्या वाटून झाल्या आणि दुपारी मी तुझ्या वॉर्डातही जाऊन आलो. तिथं काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण ते एकदम सांगता येणार नाही. त्याआधीचं बरंच साचलं आहे.

तू गेल्यापासून लोक मला म्हणतात, बाई सुटल्या. मी मान हलवतो. तुझा सुटण्याचा बेत नव्हता हे मला ठाऊक आहे. शनिवारच्या डायलिसिसला कोणती साडी नेसायची, ती तू शुक्रवारीच काढून खुर्चीवर ठेवायचीस. मी एकदा विचारलं, "दवाखान्यातच तं जायचं आहे, साडीचं काय एवढं?" तू म्हणालीस, "चार तास लोकांसमोर पडून राहाचं आहे गा. नीट नको दिसू?"

चार वर्षं हे चाललं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. शाळेतून निवृत्त झालीस आणि दुसऱ्याच वर्षी दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. सदरमधल्या तुझ्या दोन खोल्यांतून सकाळी मी तुला स्कूटरवर बसवायचो, दवाखान्यात सोडायचो आणि तसाच अमरावती रोडनं वाडीला, गोदामावर. दुपारी एक खेप लादून झाली की पुन्हा तुला न्यायला. दिवसाला एक लिटर पाणी, तेही मोजून. संत्रं बंद. नागपुरात राहून डिसेंबरात संत्रं बंद म्हणजे काय, हे तुझ्या तोंडाकडे पाहून कळायचं. कळमन्याहून आणलेली पेटी आमच्या घरी उघडली की तू एक फळ उचलून नुसतं सोलायचीस, साल नाकाशी धरायचीस आणि फोडी आमच्या रिबेकाच्या हातावर ठेवायचीस.

पहिल्या वर्षीचा आगमनकाळ मला चांगला आठवतो. नाताळाआधीचे चार रविवार. दर रविवारी चर्चात एक मेणबत्ती जास्त पेटते, आणि ती पेटताना पाहायला तू लहानपणापासून पहिल्या बाकावर बसायचीस. त्या वर्षी शनिवारचं मशीन झालं की रविवारी तुला उठवत नव्हतं. "चर्चात जाता येत नाही तं वॉर्डात लावू," म्हणालीस आणि पिशवीत चार मेणबत्त्या घेऊन निघालीस. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनी हात जोडले. "बाई, इथं ऑक्सिजन आहे. काडीसुद्धा पेटवाची नाही."

तू वाद घातला नाहीस. गुरुवारी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या मेणबत्त्या घेऊन आलीस, तीन जांभळ्या, एक गुलाबी. शिवाय पिवळ्या घोटीव कागदाच्या चार ज्योती. चारही मेणबत्त्या भिंतीवर चिकटवल्यास, ज्योत मात्र एकच. बाकीच्या पाकिटात.

शेजारच्या खुर्चीवर खाप्याचे सुखदेवभाऊ असायचे. पूर्वी हातमागावर बसत, आता घरी शिवणकाम करतात. आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी पकडून येतात. त्यांनी भिंतीकडे पाहत विचारलं, "बाई, या तिघींना ज्योत काहून नाही?"

"त्यांचा रविवार अजून यायचा आहे."

"कोण येऊन राहिला रविवारी?"

"आमचा प्रभू. नाताळात."

"तो तं दरसाल येते म्हणता तुम्ही. मंग दरसाल वाट काहून पाहाची?"

तू हसलीस आणि म्हणालीस, "शनिवारी सांगते." शनिवारी सुया टोचून झाल्यावर तू खरंच सांगितलंस. मी पायाशी स्टुलावर होतो. "सुखदेवभाऊ, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माह्याजवळ नाही. पण वाट पाहता पाहता घर झाडून होते. जाळे निघतात. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याले फोन लावला जाते. कोणी येणारच नसतं तं हे मी केलं नसतं."

सुखदेवभाऊंनी थोडा विचार केला. "आमच्या घरी धम्मचक्राच्या दिवसाआधी असंच होते," म्हणाले. तेव्हापासून दर डिसेंबरात दुसरी ज्योत लावायचा मान त्यांचा.

या सगळ्यात तुझं नाव यादीत होतं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी किडनी दिली तर ती कोणाला द्यायची, त्या यादीत. फोन कधीही येईल म्हणून तू मोबाइल उशाशी ठेवायचीस. एकदा मी लवकर आलो तर तू दाराकडे पाठ करून प्रार्थना करत होतीस. मला वाटलं, फोन येऊ दे असं मागत असशील. तू मागत होतीस की रिंगरोडवरचे सगळे आज सुखरूप घरी जावोत, गाडीवरच्या पोरांना हेल्मेट घालायची बुद्धी होवो. मी म्हणालो, "ताई, तू स्वतःच्याच विरोधात प्रार्थना करून राहिली." तू वळून म्हणालीस, "माहा फोन वाजन तेव्हा कोणाच्या तरी घरी रडणं चालू असन. त्याची प्रार्थना कशी करू गा?"

त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा विचारलं.

"माझी एक घे ना. तपासणी करून घेऊ."

"नाही."

"काहून?"

"माहं नाव यादीत आहे. मी वाट पाहून राहिली."

"यादीतून कधी येईल कोणाले माहीत?"

"म्हणूनच तं वाट म्हणते त्याले."

मग मी दर महिन्याला विचारत राहिलो. कधी स्कूटरवर, कधी करंज्यांचं सारण हलवताना, एकदा तर चर्चच्या पायऱ्यांवर. तुझं उत्तर बदललं नाही. माझी पोरगी रिबेका शिकते आहे, माझ्यावर घर आहे, मी वाडीला दिवसभर उभा असतो, असं काहीबाही सांगायचीस. शेवटी यादी.

ऑक्टोबरातलं आपलं भांडण तुला आठवत असेल. तुझ्या घरी, चहाच्या वेळी. तुझे पाय सुजले होते आणि ते पाहून माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "ही वाट पाहणं नाही, हा हट्ट आहे. तुला कोणाचं काही घ्यायचंच नाही. ख्रिस्तानं दिलेलं घेतेस, भावानं दिलेलं घेत नाहीस." तू रागावली नाहीस. "चहा गार होऊन राहिला," म्हणालीस, "पी."

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, मी खाली स्कूटर उभी करून हॉर्न दिला. तू खिडकीत आली नाहीस. पुन्हा दिला. मग वर धावलो. तू खुर्चीतच होतीस, साडी नेसून तयार. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कपाटाच्या दाराला आतून तू कागद चिकटवला होतास, डोळे द्यावेत, सहा तासांच्या आत, खाली फोन नंबर. तो फोन रिबेकानं लावला. माझ्या हातून झालं नाही.

प्रार्थनासभेसाठी तुझं बायबल शोधताना त्याखाली फाइल मिळाली. सगळ्यात वर दीड वर्षापूर्वीचा कागद होता. हृदय अशक्त आहे, शस्त्रक्रिया झेपणार नाही, म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीतून नाव काढत आहोत. खाली तुझी सही, फळ्यावर लिहायचीस त्याच गोल अक्षरात.

दीड वर्ष, ताई. दीड वर्ष तू कुठल्याच यादीत नव्हतीस. माझी किडनीही तुला चालणार नव्हती. आणि मी तुझ्याशी भांडत होतो, आणि तू भांडू देत होतीस. मला इतका राग आला की त्या सभेत मी तुझ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. मी तुझ्या खोटेपणावर चिडून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन सिस्टरसमोर तो कागद ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"बाईंनीच सांगितलं होतं, भावाले मी सांगीन, तुम्ही बोलू नका. मी दोन-तीनदा आठवण दिली त्यांना." सिस्टरनी कागद माझ्याकडे सरकवला. "एकदा म्हणाल्या, तो दर महिन्याला विचारते ना, तेव्हा मले बरं वाटते. सांगितलं तं तो विचारणं बंद करन."

मी तो कागद उचलला आणि तिथून निघालो.

आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी आपल्या दोघांना बसवून विचारलं होतं, घरातलं कोणी देऊ शकेल का? मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." तुला वाटलं असेल की मी मायाला विचारलं आणि तिनं नको म्हटलं. मी तिला विचारलंच नव्हतं. आठ महिने विचारलं नाही. मला भीती वाटत होती. ऑपरेशनच्या टेबलाची, नंतर वजन उचलता येईल का याची, आणि खरं तर कशाची हेही नीट ठाऊक नव्हतं. तू यादीचं नाव काढलंस की मला हायसं वाटायचं. शेवटी एक दिवस मेथी निवडता निवडता मायाच म्हणाली, "ताईंना द्यायचं तुमच्या मनात आहे का नाही? मी काय म्हणते याची वाट पाहून राहिले असाल तं मी कधीच नाही म्हटलं नसतं." मी तिच्यासमोर बसून मेथी निवडू लागलो. त्याच आठवड्यात तुझी ती हेल्मेटची प्रार्थना माझ्या कानावर पडली, आणि मी तुला विचारलं.

त्या आठ महिन्यांत तुझं हृदय धड होतं. हे मी आता कुठं नेऊन ठेवू, मला कळत नाही. तुला ते महिने कळले होते का, हेही मला कधी कळणार नाही. तू माझं विचारणं असं ऐकून घेतलंस, जणू ते पहिल्याच दिवशी आलं होतं.

यंदा मी ठरवलं होतं की आगमनकाळ पाळायचा नाही. पहिल्या रविवारी चर्चात गेलोही नाही. घरी पेपर वाचत बसलो, तोही उलटाच धरला होता असं रिबेका म्हणते. सोमवारी सुखदेवभाऊंचा फोन आला.

"भाऊ, भिंत मोकळीच आहे. उद्या येता का?"

"ताई नाही आता, सुखदेवभाऊ."

"ते तं आम्हाले माहीत आहे. दुसरी ज्योत माही असते. पहिली कोणी लावली नाही तं मी दुसरी कशी लावू?"

मंगळवारी मी गोदामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. पुठ्ठा मी कापला आणि वाकडा कापला. सुखदेवभाऊ म्हणाले, "ही मेणबत्ती पिऊन आली वाटते." सगळा वॉर्ड हसला, सिस्टरही. मीही हसलो, तू गेल्यानंतर पहिल्यांदा. ती वाकडी मेणबत्तीच भिंतीवर चिकटवून मी पहिली ज्योत लावली. सुखदेवभाऊंना सांगून आलो की पुढच्या वर्षीही येईन, आणि त्याच्या पुढच्याही. मशीनवर पडल्या पडल्या त्यांनी मोकळा हात वर केला.

तिथं बसलो असताना मला वाटलं, गेल्या डिसेंबरात तुला सगळं ठाऊक होतं. तरी तू याच भिंतीवर चार ज्योती लावून घेतल्यास, एकही कमी नाही, आणि तितक्याच हौसेनं. मग तू कशाची वाट पाहत होतीस? फोनची नाही, एवढं नक्की. तू प्रभूची वाट पाहत होतीस, जशी सदैव पाहायचीस. यादी मधेच आली आणि मधेच गेली. मला यादीच तेवढी दिसत होती.

चौथ्या रविवारी मी पाळकसाहेबांकडून पाच मिनिटं मागून घेतली. तुला माहीत आहे, मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी उभा राहिलो आणि अवयवदानाचं बोललो, दाराशी टेबलावर त्याचे फॉर्म ठेवले. उपासना संपल्यावर आपल्या चर्चचे जुने पंच, जे तुला सायकलवरून शाळेत जाताना पाहत आले, ते माझ्याजवळ आले. "बाबू, शेवटच्या दिवशी कबरीतून उठाचं आहे आपल्याले. शरीर पुरं नको?"

"काका, ताईचे डोळे आम्ही दिले. प्रभू तिला ओळखणार नाही का?"

 त्यांनी फॉर्म घेतला नाही, पण टेबलापासून हललेही नाहीत. इतर कोणी काय लिहितं ते चष्मा सावरत पाहत राहिले. काहींनी फॉर्म घेतले, काहींनी घरी नेतो म्हटलं. माझा मी तिथंच भरला. साक्षीदार म्हणून मायानं सही केली.

आणि आज. गुरुवार म्हणजे वॉर्ड चालू. रक्ताला नाताळ कळत नाही, असं तू म्हणायचीस. करंज्यांचा डबा घेऊन मी दोनला पोचलो. तुझ्या खुर्चीवर एक नवीन बाई होती, चाळिशीची, कळमन्याच्या बाजारात मिरच्या निवडायला जाणारी. तिची दुसरीच खेप. डोळे गच्च मिटून पडली होती. बाहेर बाकावर तिचा भाऊ, प्रवीण नाव, तिशीचा असेल. हातात तिची चप्पल धरून बसला होता, खाली ठेवायची विसरला होता. मी त्याला करंजी दिली. त्यानं घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"डॉक्टरांनी तुला विचारलं का?" मी म्हणालो.

"हाव."

"काय सांगितलं?"

"म्हटलं, पाहतो."

"भीती वाटते?"

"नाही." मग फरशीकडे पाहत, "हाव."

"मलेही वाटली होती," मी म्हणालो. "आठ महिने. बहिणीले कधी सांगितलं नाही. तुले सांगून राहिलो."

"मंग दिली तुम्ही?"

"नाही. मी तयार झालो, पण पुढे तिचं हृदयच साथ देईना."

"कशा आहेत आता त्या?"

मला खोटं बोलता आलं असतं, ताई. आजच्या दिवशी कोणी नावं ठेवली नसती.

"गेली. मागच्या महिन्यात."

तो जरा बाजूला सरकला. मला वाटलं, मी याला घाबरवून टाकलं. आतून मशीनची पीप-पीप ऐकू येत होती. त्यानं विचारलं, "मंग तुम्ही अजून इथं काहून येता?"

"तुझी बहीण दोन तास अजून आत आहे," मी म्हणालो. "तू एकटा बसला होता म्हणून."

त्यानं करंजीचा एक तुकडा खाल्ला. मी सांगितलं, "डॉक्टर चारला येतात. त्यांना नुसतं विचार की तपासणीत काय काय असते. देतो म्हणू नको, नाही म्हणू नको. आधी विचार. पण आजच विचार."

"तुम्ही याल आत?"

"येतो."

पावणेचार वाजले होते. आम्ही दोघं बाकावर बसलो. त्यानं चप्पल बाकाखाली नीट जोडीनं ठेवली. चारला डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. मी उठणार, तेवढ्यात पाहिलं तर तो माझ्याआधी उठला होता.